सही केली तर, आणि नाही केली तर

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव, गाव, वाडी गाळून सारांश देते.

मुलगी आठ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. दीड वर्षाची असताना भर पावसाळ्यात तिला ताप चढला आणि रात्री आकडी आली. वाडीतून रस्त्याला लागेपर्यंतची वाट पाण्याखाली होती, म्हणून उजाडायची वाट पाहिली. दवाखान्यात ‘मेंदूज्वर’ सांगितलं. बरी होऊन घरी आली. पाचव्या वर्षी ताप नसताना फिट आली, मग पुन्हा आली, आणि तेव्हापासून दोन वेळची गोळी चालू आहे. गेले सात महिने फिट नाही. गोळ्या तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या शिबिरातून मिळतात. त्याच शिबिरात आता मुंबईच्या संशोधकांचं पथक येतं. लहानपणी मेंदूला संसर्ग झालेल्या मुलांपैकी कुणाला पुढे अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, होतो, कुणाला होत नाही आणि का, याचा त्यांचा अभ्यास आहे. एक एमआरआय (मेंदूचं चित्र), एक ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद), थोडं रक्त, आणि पुढची पाच वर्षं अधूनमधून घरी येऊन चौकशी, एवढं ते मागतात. नवरा म्हणतो, “मोठे डॉक्टर फुकटात तपासतायत, सही करून टाक.” सासूबाई म्हणतात, “आमच्या चेडवार प्रयोग करूचे नाय,” आणि त्यांनी देवळात कौल लावायचं ठरवलं आहे. आई विचारते : “नाही म्हटलं तर गोळ्या बंद होतील का? हो म्हटलं आणि तिला काही झालं तर? आणि त्या रात्री मी थांबले, म्हणून हे सगळं झालं का?”

ताई,

सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सही केली नाही तरी गोळ्या बंद होता कामा नयेत. अभ्यासात यायचं की नाही ही तुमची मर्जी, आणि नकार दिला म्हणून मुलीच्या उपचारात तसूभरही फरक पडू नये, हा आपल्याकडचा लेखी नियम आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत तो आहे. तुम्हाला दिलेल्या माहितीपत्रकातही तो सरळ वाक्यात छापलेला हवा. ते वाक्य सापडल्याशिवाय सहीचा विषय काढू नका. आज हो म्हटलं आणि दोन वर्षांनी नकोसं झालं, तर तेव्हाही कारण न सांगता बाहेर पडता येतं.

तरी तुम्हाला भीती वाटलीच, कारण गोळ्यांची पुडी आणि फॉर्म एकाच टेबलावरून तुमच्यासमोर आले. अशी मांडणी करणं हा पथकाचा निष्काळजीपणा आहे. पुढच्या वेळी स्पष्ट सांगा : आधी गोळ्या द्या, मग अभ्यासाचं बोलू.

मी काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर बसत असे. मुलांवर किंवा मोठ्यांवर कुठलंही संशोधन करायचं तर अशा समितीची परवानगी लागते. तिथे डॉक्टरांबरोबर एक कायद्याचा जाणकार लागतो, एक समाजशास्त्राचा, आणि एक अगदी साधा माणूस लागतो. तो साधा माणूस म्हणजे मी. कागद वाचायचे आणि ‘हे मला कळलं नाही’ असं न लाजता म्हणायचं, एवढंच माझं काम. तेव्हा लक्षात आलं की घरात अशा फॉर्मवरून भांडण होतं तेव्हा फॉर्म सहसा कुणी वाचलेलाच नसतो. तुमचे यजमान उपचाराच्या आशेने हो म्हणतायत, सासूबाई औषधाच्या प्रयोगाला घाबरून नाही म्हणतायत. तुमच्या पत्रावरून तरी त्या कागदात उपचारही दिसत नाही आणि औषधाचा प्रयोगही. ते लोक बघणार आहेत, मोजणार आहेत, लिहून ठेवणार आहेत.

यजमानांना एवढं समजवा की या अभ्यासातून मुलगी बरी होणार नाही. तिला बरं ठेवतायत त्या गोळ्या, आणि त्या चुकू न देणाऱ्या तुम्ही. संशोधकाला प्रश्नाचं उत्तर हवं असतं. ते मिळेल तेव्हा तुमची मुलगी कदाचित कॉलेजात असेल. एमआरआय फुकट होतो हे खरं आणि त्याचा उपयोगही होऊ शकतो, पण तो अहवाल तुमच्या हातात पडणार असेल तरच. पथकाचे पैसे ज्या दिवशी संपतात त्या दिवशी पथक जातं, हेही खरंच आहे. म्हणून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मुलीचा केसपेपर आत्ताच काढून ठेवा. अपस्माराची नेहमीची औषधं सरकारी रुग्णालयात मिळायला हवीत, आणि शिबिर उद्या बंद पडलं तरी तुमचं दार उघडं राहील.

सासूबाईंबद्दल थोडं जास्त बोलते, कारण घरात त्यांचंच म्हणणं अडाणी ठरवलं जाईल असं मला दिसतंय.

आपल्या समुद्राच्या पार पलीकडे, केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी नावाचं ठिकाण आहे. माड, आंबा, काजू, खाडी, सगळं तिथेही आहे. १९८९ सालापासून तिथे एक संशोधन केंद्र चालतं, आणि डॉ. चार्ल्स न्यूटन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या मेंदूचा मलेरिया, मेंदूज्वर आणि त्यामागून येणारा अपस्मार यांचा तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केला. मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलांना भराभर फिट येतात. मग दाखल होतानाच फिनोबार्बिटोनचं एक इंजेक्शन देऊन टाकलं तर? विचार कुणालाही पटावा असा होता. ३४० मुलांवर तो तपासून पाहिला. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. तीन किंवा जास्त वेळा फिट येणाऱ्या मुलांचं प्रमाण शंभरात २७ वरून ११ वर आलं. आणि मृत्यू शंभरात ८ होते ते १८ झाले. तिथल्याच डॉ. जेन क्रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे आकडे जसेच्या तसे छापले.

हे सासूबाईंना वाचून दाखवा. “बघ, मी सांगत होतंय” म्हणतील, आणि त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे. चांगल्या हेतूने केलेल्या अभ्यासातही मुलं दगावू शकतात. त्याबरोबर एवढंही सांगा की तो अभ्यास झालाच नसता तर तेच इंजेक्शन भलं समजून कितीतरी दवाखान्यांत देत राहिले असते, आणि मुलं कशाने गेली ते कुणाला कळलंही नसतं. मला स्वतःला असे अभ्यास करणाऱ्यांवर विश्वास वाटतो तो त्यांच्या यशामुळे नाही. तोंडघशी पडल्यावरही त्यांनी आकडा लपवला नाही, यामुळे वाटतो.

यातून तुम्हाला पथकाला विचारायचा पहिला प्रश्न मिळतो : माझ्या मुलीला तुम्ही कुठलं नवं औषध देणार आहात का, किंवा चालू गोळी बदलणार आहात का? कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्यांनी ठरणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर सासूबाईंच्या भीतीतला मोठा भाग तिथेच उतरतो. ‘हो’ असेल, तर माझं हे पत्र बाजूला ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग नुसतं बघत बसून काय मिळतं? किलिफीचंच उदाहरण घ्या. मेंदूच्या मलेरियातून वाचलेली मुलं घरी गेली की सगळे म्हणत, बरी झाली. काही वर्षांनी त्यांना शोधून तपासलं, तेव्हा त्यांच्यात अपस्माराचं प्रमाण शंभरात ९ निघालं. ज्यांना तो आजार झाला नव्हता त्या मुलांत शंभरात २. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. ‘बरी झाली’ म्हणजे संपलं असं नसतं, हे त्यानंतर डॉक्टरांना आई-बापांना सांगता येऊ लागलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर भागात, असाच एक जुना अभ्यास आहे, १९८८ सालचा. विषाणूंमुळे मेंदूला सूज आली आणि त्या आजारपणातच फिट आली, अशांपैकी शंभरात २२ जणांना पुढच्या वीस वर्षांत पुन्हा आपोआप फिट आल्या. आजारपणात फिट आली नाही, तर शंभरात १०. जिवाणूंच्या मेंदूज्वरात हेच आकडे १३ आणि अडीचच्या आत. जगभरच्या डॉक्टरांनी हे आकडे वापरले आहेत. पण ते मिनेसोटाच्या बर्फातले आहेत. आपल्याकडचे जंतू वेगळे, दवाखाना गाठायला लागणारा वेळ वेगळा, क्षयाचा मेंदूज्वर आपल्याकडे अजून होतो. देवगडच्या मुलीच्या आईने ‘पुढे काय होईल’ विचारलं तर तिला मिनेसोटाचा आकडा सांगायचा का? ते पथक तुमच्या दारात येतंय ते याचसाठी.

परदेशातलीच उदाहरणं कशाला? सीटी स्कॅन नवे होते तेव्हा फिट आलेल्या पुष्कळ मुलांच्या मेंदूत एक छोटीशी गाठ दिसायची. ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तर बऱ्याच ठिकाणी पट्टकृमीच्या अळीची पुटी निघाली, आपोआप विरून जाणारीसुद्धा. कितीतरी मुलांच्या पोटात जाणारी क्षयाची औषधं त्यामुळे टळली. (जाता जाता : या पट्टकृमीची अंडी अस्वच्छ हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. “आम्ही डुकराचं मांस खात नाही, आम्हाला कसं होईल” म्हणणाऱ्या शाकाहारी घरांतही होतं.)

आता फॉर्म. लोकांना वाटतं की फॉर्म म्हणजे सगळा घ्या नाहीतर सगळा सोडा. तसं नसतं. तो घरी आणता येतो, चार दिवस ठेवता येतो, आणि त्यातल्या काही गोष्टींना हो, काहींना नाही म्हणता येतं. तो मराठीत हवा, आणि सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो शोभेला नाही, तक्रार किंवा शंका असली तर लावायलाच असतो.

एमआरआयने किरणोत्सर्ग होत नाही, दुखतही नाही, पण आत बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं आणि मशीन खडखडाट करतं. लहान मुलांना त्यासाठी झोपेचं औषध देतात. आठ वर्षांची समजूतदार मुलगी आधी नीट सांगितलं तर बिनऔषधाची झोपू शकते. झोपेचं औषध नुसत्या अभ्यासासाठी द्यायला माझी तरी ना आहे. तसं स्पष्ट लिहून घ्या. ईईजीत डोक्याला तारा चिकटवतात, बाकी काही नाही. आदल्या दिवशी केसांचं तेल मात्र धुऊन काढा, नाहीतर तिथे गेल्यावर पुन्हा बोलावतील. रक्ताबद्दल जरा खोलात विचारा. किती काढणार? तपासून फेकणार की साठवून ठेवणार? साठवणार असतील तर कशासाठी, किती वर्षं, त्यातून आनुवंशिक तपासणी होणार का, नमुना आणखी कुठे जाणार का? साठवणुकीची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि तेवढीच नाकारून बाकी अभ्यासात राहता येतं. यायला-जायला एक दिवस मोडतो, यजमानांचा रोज बुडतो. त्याची भरपाई मागण्यात लाचारी नाही, नियमात ती बसते. अभ्यासामुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हेही कागदावर असतं. नसेल तर विचारा.

आणि तुमच्या लांबलचक पत्रात मला एक माणूस कुठेच बोलताना दिसला नाही. मुलगी. तिला विचारलंत का? सात वर्षांच्या पुढच्या मुलांची आई-बापांसमोर तोंडी संमती घ्यावी, आणि बारा वर्षांनंतर लेखी, असं तीच आयसीएमआरची तत्त्वं सांगतात. आठ वर्षांच्या मुलीला हे कळतं. तिला आपल्या गोळ्या माहीत आहेत, फिट येऊन गेल्यावर आजूबाजूच्या माणसांचे चेहरे कसे होतात तेही माहीत आहे. ती सुईला नाही म्हणाली तर तो नकार मोजायचा असतो. चॉकलेट देऊन फिरवायचा नसतो.

सासूबाईंच्या मनात प्रयोगाच्या भीतीखाली आणखी एक भीती असावी असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर त्यांना विचारून बघा. पाच वर्षं पाटी लावलेली गाडी तुमच्या अंगणात थांबणार, वाडी बघणार, आणि दहा-बारा वर्षांनी स्थळ बघायला आलेल्या माणसांना कुणीतरी वाटेतच सांगणार, “तेंच्या घरात फेफऱ्याचा आजार आसा.” खरं ना? या भीतीला ‘अंधश्रद्धा’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, कारण तसं सांगणारी माणसं वाड्यांत असतात. तेव्हा गाडीवर तोडगा काढा. चौकशीला घरी येऊ नका, आम्ही उपकेंद्रात येतो किंवा शिबिरात भेटतो, फोनवर बोलतो, असं पथकाला सांगा. शहाणं पथक लगेच मान्य करेल, कारण पाच वर्षं टिकणारं कुटुंब त्यांना हवं असतं. मुलीचं नाव कागदांवर नंबराने लिहिलं जातं ना, हेही सासूबाईंसमोरच विचारा.

लग्नाचं म्हणाल, तर पूर्वी अपस्मार हा विवाह कायद्यात अडथळ्याचा आजार म्हणून नोंदलेला होता. १९९९ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून तो काढून टाकला. कायदा बदलून माणसं बदलत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण योग्य औषधं नियमित मिळाली तर शंभरातल्या सुमारे सत्तर जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाडीच्या तोंडाला कुलूप लावण्यापेक्षा या आकड्याच्या मागे लागणं मला जास्त फायद्याचं वाटतं. मुलगी असल्यामुळे एक गोष्ट डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा : तिची गोळी व्हॅल्प्रोएटची आहे का? ते औषध चांगलं आहे, पण पुढे गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं, म्हणून मुली वयात येताना डॉक्टर त्याला पर्याय बघतात. स्वतःहून गोळी थांबवायची मात्र नाही. एकदम थांबवलं की फिट उसळून येतात.

कौलाबद्दल तुम्ही जरा घाबरत लिहिलंय, मी रागावेन म्हणून. मी का रागावू? ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्याकडे होडी पाण्यात जात नाही. किलिफीतही अपस्माराचे बरेच रुग्ण वैदूकडे आणि दवाखान्यात, दोन्हीकडे जातात. तिथल्या संशोधकांनी त्या वैदूंशी भांडण मांडलं नाही, त्यांच्याकडे जाऊन त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं. तुम्हीही भांडू नका. पण देवाला प्रश्न घालताना तो नीट घालावा लागतो, हे गुरवही सांगेल. ‘गोळी द्यायची की नाही’ हा प्रश्न देवासमोर जाऊ देऊ नका. सासूबाईंना लेकराच्या राखणीचं गाऱ्हाणं घालू दे. कुणी अंगारा दिला तर कपाळाला लावा. पोटात काही द्यायला, धुरी द्यायला, उपाशी ठेवायला सांगितलं तर तिथे तुम्ही ठाम राहायचं, आणि त्या वेळी यजमानांनी तुमच्या बाजूला उभं राहायचं, हे दोघांनी आजच ठरवून ठेवा.

आता त्या रात्रीचं.

तुम्ही धरून चाललात की मुलीला मेंदूज्वर झाला, तो उशिरामुळे बळावला, आणि त्यातून अपस्मार आला. यातली पहिली पायरीच मला पक्की दिसत नाही. आपल्याकडे ताप आणि आकडी एकत्र आली की बोलताना सरसकट ‘मेंदूज्वर’ म्हणून टाकतात. पण सहा महिने ते पाच वर्षं या वयात नुसत्या तापानेही आकडी येते. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही. क्वचित ती फार वेळ चालते. तुमच्या मुलीला नेमकं काय होतं? पाठीतलं पाणी काढून तपासलं होतं का? त्यात काय निघालं? हे तुमच्या पत्रात नाही, आणि बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेलंही नाही. ते डिस्चार्ज कार्डावर असेल. घरात नसेल तर त्या दवाखान्यात तारीख सांगून प्रत मागा. पथकालाही सगळ्यात आधी तोच कागद लागेल.

समजा, खरोखरच मेंदूज्वर होता. जिवाणूंच्या मेंदूज्वरात उशीर महागात पडतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे झाकणार नाही. पण मुलीला आकडी रात्रीच येऊन गेली होती. आजार मेंदूपर्यंत पोचल्यावरच तुम्हाला तो दिसला. मिनेसोटाच्या त्या रुग्णांतही आजारपणात फिट आलेल्यांना पुढचा धोका जास्तच होता. त्या पाच-सहा तासांनी किती फरक पडला हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. आणि पाण्याखाली गेलेल्या वाटेने दीड वर्षाचं पोर अंधारात खांद्यावर घेऊन निघाला असतात, तर आज कदाचित वेगळंच पत्र लिहिलं असतंत. ती वाट तुम्ही बुडवली नव्हती. तिचा जाब आणखी कुणालातरी विचारायला हवा, आणि ग्रामसभेत तो विचारायला तुमच्याइतकं योग्य माणूस नाही.

अशीच मुलं असलेल्या बाकीच्या आयांसाठीही थोडं लिहिते. फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवून काही होत नाही. फिट आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा एक थांबून शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर गाडी काढायची. दवाखाना लांब असलेल्यांनी नाकात मारायच्या मिडॅझोलॅमच्या स्प्रेबद्दल डॉक्टरांना विचारावं. वजनाप्रमाणे किती फवारे ते कागदावर लिहून घ्यावं आणि एक स्प्रे शाळेतल्या बाईंकडे द्यावा. तापात आकडी आली आणि नंतर मूल सुस्त पडलं, मान आखडली, उलट्या होऊ लागल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा. पावसाळ्याआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवाव्यात. दरड कोसळून घाट बंद झाला की मेडिकलवाल्याकडेही माल येत नाही. विहिरीवर, व्हाळात, समुद्रावर मूल एकटं जाऊ नये, पोहायला हरकत नाही पण पट्टीचा पोहणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. आणि सात महिने फिट नाही म्हणून गोळी सोडायची नाही, ताई. साधारण दोन वर्षं फिटशिवाय गेल्यावर डॉक्टर ती हळूहळू कमी करायचा विचार करतात, आणि तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही. लसींचं कार्ड काढून बघा. मेंदूज्वराच्या काही जंतूंवरच्या लसी सरकारी यादीत आहेत, धाकटं भावंड असेल तर त्याची एकही चुकवू नका.

तुम्ही माझं मत विचारलंत. औषधाचा प्रयोग नसेल, झोपेचं औषध नसेल, अहवाल तुमच्या हातात मिळणार असेल, गाडी दारात येणार नसेल आणि मुलगी हो म्हणत असेल, तर मी सही केली असती. यातली एखादीही गोष्ट अडली तर नसती केली, आणि त्याचं वाईटही वाटून घेतलं नसतं.

पुढच्या शिबिराला सासूबाईंना बरोबर न्या. प्रश्न त्यांनाच विचारू द्या, मालवणीत. डॉक्टरांना कळलं नाही तर आशाताई सांगेल. त्या दिवशी सही कुणीच करायची नाही. कागद घरी आणा, रात्री जेवणं झाली की यजमानांना मोठ्याने वाचायला लावा, आणि जिथे कळणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करा. डिस्चार्ज कार्ड सापडलं तर त्याचा फोटो मला पाठवा. नाव झाकून.